एकट्या पाहुण्याची नाडी कोण पाहणार?

ऋषिकेशला लक्ष्मणझुल्याच्या वरच्या अंगाला तपोवन नावाची वस्ती आहे. आज तिथे गल्लोगल्ली योगशाळा, मसाज सेंटरे, कॅफे आणि हॉटेले उभी आहेत. भिंतींवर आणि खांबांवर पाट्यांची दाटी: कुठे दोनशे तासांत योगशिक्षक होण्याची हमी, कुठे तीन दिवसांचे पंचकर्म, कुठे शिरोधारेवर सवलत. या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यांत एकट्याने आलेली माणसे खूप दिसतात आणि त्यांत बायका पुष्कळ. मुंबई-पुण्याकडच्याही असतात. कुणी साठवलेली रजा घेऊन आलेली, कुणी मुले मार्गी लागल्यावर निघालेली, कुणी मोठ्या आजारातून किंवा दुःखातून उठून चार दिवस स्वतःसाठी काढलेली.

अशा मुक्कामाला श्रीमंती चोचले म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. घरातल्या सगळ्यांचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या बाईला आठवडाभर आयते ताट मिळावे, पहाटे गंगेवर बसता यावे, कुणीतरी तिच्या दुखऱ्या पाठीला तेल लावावे, यात वावगे काय आहे? चारधामाच्या वाटेवरचे हे गाव थकलेल्यांना विसावा देण्यासाठीच वसले आहे. प्रश्न वेगळाच आहे. एकट्या पाहुण्याचे शरीर ज्यांच्या हाती सोपवले जाते, त्यांनी आधी त्याला तपासले आहे का? आणि 'हे तुमच्यासाठी नाही' असे सांगण्याचा अधिकार आणि नियत तिथे कुणाकडे आहे का?

ऋषिकेशच्या योगपरंपरेचा पाया मुळात एका डॉक्टरने घातला. स्वामी शिवानंद तमिळनाडूतल्या पट्टमडईचे. संन्यासापूर्वी दहा वर्षे त्यांनी मलायातल्या मळ्यांवर डॉक्टरी केली. 1924मध्ये ते ऋषिकेशला आले, पण वैद्यकी सुटली नाही; यात्रेकरूंसाठी आणि साधूंसाठी त्यांनी लक्ष्मणझुल्याजवळ धर्मार्थ दवाखाना काढला. 1936मध्ये त्यांनी दिव्य जीवन संघ स्थापला. विष्णुदेवानंद आणि सत्यानंद हे त्यांचेच शिष्य. एकाने योग पाश्चात्त्य देशांत नेला, दुसऱ्याने मुंगेरला बिहार योग विद्यालय उभारले. म्हणजे आसन आणि औषध ही इथे सुरुवातीपासून शेजारी-शेजारी नांदत होती, आणि रुग्ण ओळखू शकणारा माणूस मधोमध बसलेला होता.

पुढे 1968च्या फेब्रुवारीत बीटल्स महेश योगींच्या आश्रमात राहायला आले आणि गावाचे नाव जगभर झाले. तो आश्रम आज राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, तिकीट काढून पाहायचा. 2000 साली नरेंद्रनगरला टिहरीच्या महाराजांच्या राजवाड्याच्या आवारात आलिशान स्पा सुरू झाला, तिथे एका रात्रीचे भाडे पाच आकडी असते. ज्यांना परवडते त्यांनी खुशाल जावे. अशा ठिकाणी निदान डॉक्टरची भेट पहिल्याच दिवशी ठरलेली असते. खरी काळजी वाटते ती मधल्या थराची, तपोवनातल्या त्या पाट्यांची.

पंचकर्म हा शब्द तिथे सर्रास कशालाही लावतात. अभ्यंग म्हणजे पंचकर्म नव्हे, ती पूर्वतयारी. कपाळावर तेलाची धार धरणारी शिरोधारा सुखद खरी, पण वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण या पाचांत ती बसत नाही. एकट्या विरेचनाचेच पाहा. आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने औषधी तूप प्यायचे. कडकडून भूक लागेपर्यंत पोटात काही घालायचे नाही, घोट घोट गरम पाणी घ्यायचे, मळमळ सोसायची. कातडी मऊ झाली का, शौचाला स्निग्धता आली का, हे वैद्याने रोज विचारायचे आणि त्यावर उद्याची मात्रा ठरवायची. मग अंगाला तेल आणि वाफ. त्यानंतर रेचक, आणि दिवसभरात किती वेग झाले याची मोजणी. एवढ्यावरही संपत नाही. मंदावलेला अग्नी हळूहळू पेटवण्यासाठी संसर्जन क्रम पाळायचा असतो: आधी तांदळाची पातळ पेया, मग दाटसर विलेपी, मग मुगाचे कढण, आणि शेवटी नेहमीचे जेवण. हे सगळे धरले तर दोन आठवडे सहज जातात. महाराष्ट्रात वसंत ऋतूत वैद्यांकडे वमनाला जाणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. तीन दिवसांच्या पॅकेजमध्ये तो बसत नाही. तेव्हा एकतर तिथे पंचकर्म होतच नाही, नुसता मसाज होतो. नाहीतर जे होते ते धोक्याचे असते.

आणि एकट्या प्रवाशाला हा धोका दुप्पट. रेचक घेतलेल्या दिवशी गळून गेलेल्या माणसाच्या खोलीचे दार कोण ठोठावणार? रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे रिसेप्शनवरच्या मुलाला कोण सांगणार? घरचे कुणी सोबत असेल तर ते पाणी देते, घाबरते, डॉक्टरला बोलावते. एकटीने आलेल्या बाईसाठी हे काम तिथल्या व्यवस्थेने करायला हवे. ऋषिकेशला एम्ससारखे मोठे रुग्णालय आहे ही जमेची बाजू, पण तिथवर नेणारा माणूस शेजारी असावा लागतो.

योगवर्गाचीही तीच गत. योगशिक्षकाचा दोनशे तासांचा अभ्यासक्रम रूढ केला अमेरिकेतल्या योगा अलायन्स या नोंदणी संस्थेने. साधारण महिनाभरात तो उरकतो. एवढ्या शिदोरीवर शिक्षक झालेली एखादी उत्साही मुलगी समोरच्या पंचावन्न वर्षांच्या पाहुणीला शीर्षासनात उभे करू पाहते. त्या पाहुणीला काचबिंदू असला तर डोळ्यातला दाब वाढतो, हे तिला कुणी शिकवले असेल का? जोरजोरात कपालभाती करून घेताना रक्तदाबाची, हर्नियाची चौकशी झाली असेल का? दोष त्या मुलीचा कमी, तिला इतक्या घाईने पुढे उभी करणाऱ्यांचा जास्त.

योगाकडे तपासणीच्या नजरेने पाहायला महाराष्ट्राने लवकर सुरुवात केली होती, आणि हा वारसा अभिमानाने सांगावा असा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. नौली-उड्डियानात पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले आणि 'योगमीमांसा' नियतकालिकातून मांडले. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी 1946मध्ये सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो वाढवला. तिथले खाणे साधे, शिस्त कडक, आणि उपचार मागाल ते नव्हे, तर डॉक्टर ठरवतील ते. एकट्या माणसाला याच गोष्टीचा आधार वाटतो.

केरळनेही हे जमवून दाखवले आहे. तिथल्या पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांना ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ अशी मानांकने दिली. मान्यताप्राप्त पदवीचा वैद्य हवा, मसाज करणारे प्रशिक्षित हवेत, बाईला मसाज बाईनेच करायचा. पाहुण्याने दारावरची खूण पाहावी आणि आत जावे, इतके ते सोपे.

उत्तराखंडला हे करण्याची आता चांगली संधी आहे. 2025मध्ये राज्य सरकारने योग धोरण मंजूर केले. डोंगराळ भागात योग आणि ध्यान केंद्र उभारणाऱ्याला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची त्यात तरतूद आहे. सार्वजनिक पैसा देताना साध्या अटी घालाव्यात: वैद्याचे नाव आणि पदवी दर्शनी भागात लावा, पहिल्या दिवशी तपासणी करा, ती लिहून ठेवा, पदवीधर वैद्य नसेल तर पंचकर्म हा शब्द पाटीवर लिहू नका. या राज्याला असा कठोरपणा जमत नाही असेही नाही. 1930 सालचा लक्ष्मणझुला भार सोसणार नाही, असा तज्ज्ञांचा निर्वाळा येताच 2019च्या जुलैत लोकांची नाराजी पत्करून प्रशासनाने तो बंद केला. पुलाची जी काळजी घेतली, ती पाहुण्यांच्या शरीराचीही घ्यावी.

आणखी एक गोष्ट सरकारच्याही आधी धर्मशाळांनी करावी. हरिद्वार-ऋषिकेशच्या कित्येक धर्मशाळांत आजही एकट्या माणसाला खोली नाकारतात. एकटा माणूस जिवाचे काही बरेवाईट करून घेईल आणि पोलिसांचे झेंगट मागे लागेल, ही त्यामागची जुनी भीती. भीती समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम वाईट होतो. माफक पैशांत स्वच्छ खोली आणि सात्त्विक जेवण देणारी दारे बंद झाली की एकटी बाई आपोआप त्या पॅकेजांकडे ढकलली जाते. काही आश्रम आधी पत्र लिहून कळवलेल्या साधकाला ठेवून घेतात, पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या सत्संगापर्यंत त्याचा दिवस बांधून देतात. धर्मशाळांनाही हे जमेल: आधी पत्र घ्या, घरच्या माणसाचा फोन नंबर घ्या, सकाळी एकदा चौकशी करा.

हे होईपर्यंत निघणाऱ्यांनी निघावेच. फक्त आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर स्पष्ट विचारावे: वैद्य कोण, त्यांची पदवी कोणती, ते रोज येतात की फक्त सोमवारी, मसाजला बाई असेल का, रात्री काही झाले तर दवाखान्यात कोण नेईल, आणि विरेचनानंतरची पेया तुमच्या स्वयंपाकघरात कोण करते.