चोवीस मीटर आणि माझे अठ्ठेचाळीस सेकंद

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन गच्चीवर दहा मीटरची सुतळी ताणली आणि त्याला मोबाइलवर सेकंद मोजायला बसवलं. दोन्ही काखेत कुबड्या, डाव्या पायात कॅलिपर, वय चौसष्ट. वीस सेकंद लागले. "आजोबा, परत एकदा, जोरात!" दुसऱ्यांदा एकोणीस आले, पण धाप लागली, म्हणून तो आकडा मी धरत नाही. सेकंदाला अर्धा मीटर, हा माझा वेग. मग शेजारच्या काकूंनाही चालायला लावलं. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यांचा वेग पाऊण मीटर निघाला.

हा उद्योग सुचला छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासमुळे. मी इथल्याच सातारा परिसरात राहतो आणि शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे कुठलंही दुखणं आकड्यात मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर उदाहरण असं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो, असं धरण्याची पद्धत आहे. रस्ता 24 मीटर रुंद असेल तर त्याला वीस सेकंद पुरतात. काकूंना बत्तीस लागतील, मला अठ्ठेचाळीस. वीस सेकंद संपतात तेव्हा मी दहा मीटरवर, म्हणजे दुभाजकाच्याही अलीकडे उभा असतो आणि समोरून हायवा सुटलेला असतो.

या रस्त्याचा इतिहास नावातच आहे. जड वाहनं शहराबाहेरून जावीत म्हणून तो काढला. तेव्हा पलीकडे सातारा आणि देवळाई ही गावं होती. पुढे शहर रेल्वे रूळ ओलांडून आलं, मग बायपासही ओलांडून गेलं. गावांची आधी नगर परिषद झाली, नंतर ती महापालिकेत आली. आता आमच्याकडे हजारो फ्लॅट आहेत, पण शाळा, बँक, दवाखाना यातलं काही ना काही नेहमी रस्त्याच्या पलीकडेच असतं. रस्ता रुंद झाला, संग्रामनगर, देवळाई चौक, एमआयटी इथे उड्डाणपूल झाले. त्याची गरज होतीच, मी नाकारत नाही. पण पूल वरून जाणाऱ्या गाडीसाठी आहे. पायी जाणारा खालीच राहिला, आणि तिथे त्याला सर्व्हिस रोड, मुख्य रस्ता, वळणाऱ्या रिक्षा असे तीन-चार प्रवाह एकामागून एक पार करायचे असतात. पुलाखाली उभं राहायला सावली मिळाली, एवढं मात्र खरं.

लोक मदत करत नाहीत असं कुणी म्हणू नये. आमच्याकडची माणसं धावत येतात आणि "काका, चला" म्हणत थेट दंड धरतात. कुबडीवाल्याचा दंड धरला की त्याचा तोल जातो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसतं. एकदा मी असाच, मदतीमुळे, पडलोय. आता मी आधीच सांगतो: हात धरू नका, गाड्या येतात त्या अंगाने माझ्या बरोबरीने चालत राहा. एकदा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने रिक्षा आडवी लावून अख्खा रस्ता थांबवला होता. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आणि मागे हॉर्नचा कालवा! उपकार खरे, पण रोज औषध आणायला जाताना असा सोहळा नको वाटतो.

आणखी एक गोष्ट दोन पायांवर चालणाऱ्यांना दिसत नाही. झेब्र्याचा पांढरा जाड पट्टा पावसात गुळगुळीत होतो आणि कुबडीचं रबर त्यावरून सटकतं. म्हणून जूनपासून मी मधल्या काळ्या भागावरच कुबडी टेकत जातो. पट्टा मारायचाच तर खरखरीत मारा.

तरी खरा अडसर दुभाजकाचा. तो गुडघ्याएवढा उंच आणि सलग. मध्ये फट ठेवली की दुचाकीवाले तिच्यातून उलट्या बाजूला घुसतात, म्हणून फटी बुजवतात. ही अडचण खरी आहे. खांब रोवूनही भागत नाही, कारण व्हीलचेअर जाईल एवढ्या जागेतून स्कूटर आरामात जाते. माझ्या मते उपाय नागमोडी फटीचा आहे: रस्त्याच्याच पातळीवर आत शिरायचं, दुभाजकाच्या कुशीत चार पावलं आडवं चालायचं आणि मग बाहेर पडायचं. दुचाकी तिथे अडखळते. काही महाभाग तरीही घुसतील, घुसू देत. त्या चार पावलांत मला थांबायला जागा मिळते आणि माझं गणित बदलतं. अठ्ठेचाळीस सेकंदांचे चोवीस-चोवीस असे दोन तुकडे होतात. सर्व्हिस रोडवर तर सिग्नलही नको, झेब्राच पदपथाच्या उंचीला आणा. तोच गतिरोधक होतो आणि व्हीलचेअरला खाली उतरावं लागत नाही.

दृष्टिहीनांसाठी आवाज करणारा सिग्नल हवा असं म्हणतात. माझा एक दृष्टिहीन मित्र यावर हसतो. आपल्या चौकातल्या हॉर्नमध्ये ते टुकटुक कुणाला ऐकू येणार? ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो, पादचाऱ्याचा दिवा हिरवा झाला की तो फिरू लागतो. बोट लावलं की कळतं. त्याला हे पसंत आहे.

कायदा नाही म्हणून हे अडलंय असं नाही. सिग्नलला आवाज, पदपथाला उतार, झेब्र्यावर खोदीव खुणा हे सगळं 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 45 मध्ये लिहिलेलं होतं, पण सोबत 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पळवाटही होती. 2016 मध्ये नवा कायदा आला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, किमान काही बंधनकारक करा. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क ठरवला. ही कात्रणं घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. ते दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती. शिपाई भला माणूस, कागद वर नेऊन शिक्का मारून आणला.

भारतात वन्य विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. म्हणजे माझ्यासारखे पोलिओचे कॅलिपरवाले हळूहळू संपतील. शेजारच्या काकूंसारखे मात्र वाढत जाणार आहेत. पुलाच्या बाजूने बोलणारे, आज चाळिशीत असलेले माझे विद्यार्थीही त्यात येतील.

सगळं शहर एकदम नको. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला निम्मं शहर हा रस्ता ओलांडतं, त्याच्या आत देवळाई चौकापुरतं करून पाहा. मापं घ्यायला मी सुतळी घेऊन येतो. फक्त सकाळी आठच्या आत बोलवा, नंतर कॅलिपरची पट्टी उन्हाने तापते.