एक कोंबडी मेली तर काय झालं?

आज कांद्याचं नाही, ज्वारीचंही नाही, कोंबडीचं लिहितोय. काही जण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

दहा-बारा कोंबड्या असलेल्या घरात एखादी अचानक मेली की गावात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गरम असेल तर कापून खातात. गार झाली असेल तर ओढ्यात नाहीतर उकिरड्यावर फेकतात. आणि पुढच्या बाजारी दुसरी आणतात. ती का मेली हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे विचारायला पाहिजे, आणि दुसरी आणायच्या आधी विचारायला पाहिजे.

गेल्या महिन्यात आमच्या घरची कवडी मेली. अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते म्हणून कवडी. गावरान, चार वर्षांची. आदल्या संध्याकाळी बाकीच्यांबरोबर दाणे टिपले, आपल्या पायाने खुराड्यात गेली. सकाळी फळी काढली तर कोंबडा आला, दहा जणी आल्या, ही आली नाही. कोपऱ्यात पाय ताणून पडलेली. अंगावर जखम नाही, रक्त नाही, मान सरळ.

शेजारचे तात्या भिंतीवरून म्हणाले, "अजून मऊ हाय, लगीच काप. कशाला वाया घालवतो?" तात्यांना मी दोष देत नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेला माणूस आहे, त्याला अन्न टाकवत नाही. पण कशाने मेली हे माहीत नसलेली कोंबडी खाऊ नये, हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आणि इथेही बोलतो. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं. पण तिने औषध लावलेलं बियाणं टिपलं असेल, उंदराचं विष खाल्लं असेल, तर ते विष काय शिजून जातं? आणि रोग असेल तर खाणाऱ्याच्या आधी सोलणाऱ्याला धोका. शिवाय पिसं आणि आतडी उकिरड्यावर जातात, तिथे बाकीच्या कोंबड्या उकरायला हजर. पाचशे रुपयांचं कालवण घरभर महागात पडायचं.

पाचशे रुपये हा आकडासुद्धा मला पटत नाही. आमच्या बाजारात गावरान अंडं १२ ते १५ रुपयांना जातं. कवडी वर्षाला सत्तरेक अंडी द्यायची. म्हणजे नुसत्या अंड्याचे आठशे-हजार. पण तिची खरी किंमत खुडूक बसण्यात होती. सुधारित जातीच्या कोंबड्या, गिरिराज म्हणा, वनराज म्हणा, अंडी जास्त देतात पण सहसा उबवायला बसत नाहीत. कवडी २१ दिवस हलायची नाही. वर्षाला दोन खेपा, घारीमुंगसातून वाचून सात-आठ पिल्लं हाताला लागायची. आज खुराड्यात आहेत त्यातल्या चार तिच्याच. हा सगळा पैसा आमच्या मंडळींचा, त्याचा हिशोब मी कधी मागत नाही. लेकीच्या चोळीपासून नातवाच्या वहीपर्यंत तो जातो. म्हणून घरातली बाई कोंबडीसाठी डोळ्याला पदर लावते तेव्हा "एवढं काय त्यात" असं म्हणणाऱ्याने आधी हा हिशोब करावा.

हे पान वाचणाऱ्या पशुधन पर्यवेक्षक आणि कृषी सहायक मित्रांना पण एक सांगायचंय. प्रशिक्षणाला आलो की तुम्ही मरतूक टक्क्यात सांगता. पाच टक्के मरतूक धरूनच चालायचं म्हणता. शेडमध्ये हजार पक्षी असलेल्याला ते ठीक आहे. आमच्या अकराचे पाच टक्के म्हणजे अर्धी कोंबडी. अर्धी कशी मरणार? आमच्यात मरते ती अख्खी मरते, आणि एक मेली की नऊ टक्के गेले. लहान खुराड्याचा हिशोब वेगळा मांडा, एवढी विनंती.

तर मी कवडीला उचलली. हातावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घातली, तोंडाला रुमाल बांधला, दोन पिशव्यांत गुंडाळली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि तालुक्याला निघालो. बर्फात म्हणजे गार ठेवायची, गोठवायची नाही. गोठलेल्या अंगात डॉक्टरांना नीट दिसत नाही. आणि उशीर नको, उन्हाळ्यात तर चार-सहा तासांत आतून सडायला लागते. दवाखान्यात एक जण हसला, म्हणाला, "एका कोंबडीसाठी पंधरा किलोमीटर आलात?" म्हटलं, एकीसाठी नाही, राहिलेल्या दहांसाठी आलोय.

डॉक्टर मॅडमनी मात्र लगेच उघडून बघितली. पोटात पिवळं पाणी, आणि बलक आतड्यांना चिकटलेला. अंडं नळीत उतरायच्या ऐवजी आत पोटात सांडलं होतं आणि तिथे पू झाला होता. म्हातारपणाकडे झुकलेल्या अंड्यावरच्या कोंबडीत हे होतं. साथीचा रोग नाही. मी विचारलं, आदल्या दिवशी कळलं असतं का? त्या म्हणाल्या, कोंबडी दुखणं लपवते. कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून शेवटपर्यंत ताठ उभी राहते.

हे उत्तर मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आमच्या मंडळी सकाळपासून एकच म्हणत होत्या, "अहो, काल हातात घेऊन बघितली असती तर?" संध्याकाळी ते बोलणं थांबलं. कारण कळण्याचा हा फायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. नातू दुसरीत आहे. त्यालाही, कुणी नेली, हरवली, असलं काही सांगितलं नाही. पोटात अंडं फुटलं, मेली, असं सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि खेळायला गेला.

आता मुख्य मुद्दा. मी तालुक्याहून येईपर्यंत गल्लीत दोन घरांनी आपल्या कोंबड्यांचे पाय बांधून ठेवले होते. गुरुवारच्या बाजारात काढायच्या म्हणून. कवडी मानमोडीने मेली असं पसरलं होतं. कारण सांगितल्यावर एकाने सोडल्या, दुसऱ्याने तरी विकल्याच. आपल्याकडे हीच खोड आहे. समजा खरंच मानमोडी असती, म्हणजे राणीखेत. तर त्या बाजारातून ती पाच-सहा गावांत एका दिवसात गेली असती. रोग स्वतःच्या पायाने कमी चालतो, आपल्या डालग्यातून जास्त जातो. घाबरून विकणारा स्वतःचे दोनशे-चारशे वाचवतो आणि दुसऱ्याचं खुराडं रिकामं करतो. याला मी व्यवहार म्हणत नाही.

बर्ड फ्लूचं तर विचारूच नका. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात देशातली पहिली साथ सापडली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आली. तिथे काय हाल झाले ते पेपरात वाचलंय सगळ्यांनी. एक गोष्ट ध्यानात ठेवा. साथ ठरल्यावर सरकार जे पक्षी मारतं त्यांची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवलं तर कोंबडी पण गेली आणि पैसे पण गेले. एक मेली तर घेऊन दवाखान्यात जा. पण एक-दोन दिवसांत दोन-तीन मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका, कुठे नेऊ नका, दवाखान्याला कळवा. १९६२ नंबर आहे. त्यांना येऊ द्या.

आणि दवाखान्यात नेणं जमलंच नाही तर निदान डोळ्याने बघा. तुरा काळा-निळा पडलाय का, हिरवी हगवण आहे का, मान पिळलीय का, तोंडातून पाणी आलंय का. छातीचं हाड सुरीसारखं लागत असेल तर दुखणं जुनं आहे, जंतांचा संशय घ्या. मानेला बारीक दातांची जखम असेल तर मुंगूस, मग औषध नको, खुराड्याची फट बुजवा. बघितलेलं लिहून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा. मग विहिरीपासून लांब, तीन फूट खड्डा, वरून चुना. ओढ्यात फेकू नका हो. खालच्या वस्तीची माणसं त्याच ओढ्यावर आहेत.

राहिलेल्या कळपाचं थोडं सांगतो. कवडी म्होरकी होती, दाण्यावर पहिली चोच तिची. ती गेल्यावर चार-पाच दिवस नुसती टोचाटोची, काळी आणि तांबडी एकमेकींच्या अंगावर. अंडी रोजची तीन-चार यायची ती एकावर आली. हे होणारच, त्यांच्यात नवीन नंबर लागेपर्यंत. दाणा दोन-तीन ठिकाणी पसरून टाका, जी दबलीय तिलाही मिळेल. या दिवसांत नवीन कोंबडी मध्ये सोडू नका. आधीच भांडण चाललंय, नवीला टोचून रक्ताळतील.

आम्ही अजून दुसरी आणलेली नाही. कवडी साथीने गेली नाही हे कळलंय, पण बाजारातली नवी काय घेऊन येईल ते कुठे कळलंय? आणली तरी २१ दिवस परड्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या डालग्यात ठेवणार. दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग तिला, उलटं कधीच नाही. आणायच्या तर दोन एकदम, म्हणजे सगळा मार एकीवर पडत नाही. आणि सोडायच्या रात्री, सगळ्या झोपल्यावर.

दवाखान्यात मॅडमनी लसीचं विचारलं. आमच्या कोंबड्यांना दिवाळीत राणीखेतची दिली होती. पण गल्लीत चौकशी केली तर चार घरी दिलेलीच नाही. त्यांचा आळस म्हणायचा तर तसंही नाही. आमच्याकडे मिळणारी सगळ्यात लहान बाटली शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून आता सात घरांनी मिळून ठरवलंय. येत्या मंगळवारी संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की सुरुवात. दोन महिन्यांच्या वरच्यांना टोचायची, लहान पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात. पर्यवेक्षक येतो म्हणालेत. बर्फाचा डबा माझा. जी मलूल दिसेल तिला त्या दिवशी लस नाही, ती वेगळी ठेवा. कुणाच्या किती आहेत तो आकडा सोमवारपर्यंत सांगा, पिल्लं वेगळी मोजून. तात्यांनी सांगितलाय, पाच मोठ्या आणि नऊ पिल्लं.