वाट मातीचीच बरी!



शहराच्या कडेला एखादे राखलेले रान असावे, त्यात नव्या पायवाटा आखल्या जाव्यात आणि सुटीच्या दिवशी सकाळी लोकांनी डबे बांधून तेथे जावे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. मुंबईच्या उपनगरांना तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रूपाने शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे रान लाभले आहे. तुमच्याही गावाजवळच्या टेकडीवर अलीकडे एखादी नवी वाट झाली असेल. पण ती वाट कशाची करावी, हा प्रश्न कोणी विचारला होता का? बहुधा नसेल. वाट ‘चांगली’ करायची म्हणजे सिमेंट ओतायचे किंवा पेव्हर ब्लॉक बसवायचे, असे आपण धरूनच चालतो. मला मात्र वाटते, की रानातील वाट मातीचीच असावी, आणि अरुंद असावी. का, ते सांगतो.

एका पावसाळ्यात मी अशाच एका वनउद्यानातील नव्या वाटेवरून चाललो होतो. ठोकळे छान बसवलेले होते, बूट मुळीच मळत नव्हते. परंतु वाटेच्या उताराकडील बाजूस ढोपरभर खोल चर पडला होता आणि त्यात एका झाडाची मुळे उघडी पडली होती. हे कशामुळे झाले असेल बरे?

रानातील मातीच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग हा पोकळीचा असतो. या बारीक पोकळ्यांत हवा आणि पाणी असते. गांडुळे, मुंग्या आणि मुळे यांनी मातीत असंख्य नळ्या केलेल्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून सावकाश खाली मुरते. वर कठीण आवरण घातले, की त्यावर पडलेले पाणी मुरत नाही. ते गोळा होऊन कडेला धावते. पाण्याचा वेग वाढला, की त्याची माती वाहून नेण्याची शक्ती फारच झपाट्याने वाढते. म्हणून चर पडतो.

“मग मातीची वाट तरी दबत नाही का?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न अगदी योग्य आहे. आलेख-कागदावर आपले पाऊल ठेवून त्याची कड आखा आणि चौकोन मोजा. समजा, क्षेत्रफळ १६० चौरस सेंटिमीटर आले आणि तुमचे वजन ४० किलो आहे. चालताना पाऊल उचलले, की सारा भार दुसऱ्या पावलावर येतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो! अशी हजारो पावले पडली, की पोकळ्या मिटतात. पटत नसेल, तर दोन्ही बाजूंनी उघडे असे दोन सारखे डबे घ्या. एक शाळेच्या मैदानात वर्दळीच्या जागी आणि दुसरा झाडाखालच्या भुसभुशीत मातीत थोडा दाबून बसवा. दोहोंत एकेक पेला पाणी ओता आणि कोठे लवकर मुरते ते घड्याळात पाहा.

म्हणूनच वाट अरुंद हवी. ती सरळ उतारावरून खाली न नेता उताराला आडवी न्यावी आणि तिला बाहेरच्या बाजूस किंचित कल द्यावा. म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता जागोजाग बाजूला उतरते. जेथे चिखल होतो, तेथे तेवढ्यापुरते दगड बसवावेत. हे ज्ञान काही नवे नाही. याच उद्यानातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या कातळातच कोरलेल्या आहेत, आणि कातळावरचे पाणी पोढींत नेणारे पन्हळही. वाट आणि पाणी यांचा विचार त्या लोकांनी एकत्र केला होता. पुढे १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव झाला. मुंबईला पाणी देणारे हे दोन्ही तलाव याच रानात आहेत. रानातून वाहून आलेली माती तलावांत साचते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाटेचा प्रश्न नळापर्यंत येऊन पोहोचतो!

कोणी म्हणेल, “आजी-आजोबांनी आणि चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांनी रान पाहायचे नाही का?” जरूर पाहायचे! त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळ एखादी पक्की, सपाट वाट असलीच पाहिजे. दाट झाडीतही सोय करता येते. मुंबईत मलबार टेकडीवर २०२५ साली सुमारे ४८५ मीटर लांबीची लाकडी वाट खुली झाली. ती जमिनीपासून उंचावरून जाते, त्यामुळे खालची माती पावलांनी दबत नाही. परंतु असे काम खर्चाचे असते, ते सगळीकडे होणे शक्य नाही. एक वाट सर्वांसाठी पक्की करणे वेगळे आणि सगळे रानच पक्के करून टाकणे वेगळे.

आता तुमच्या-माझ्या वाट्याचे काम. वाटेत चिखल लागला, की आपण काय करतो? बूट वाचवण्यासाठी कडेच्या गवतातून जातो. मागचाही तसेच करतो. वाट पसरते आणि कडेची रोपे मरतात. मुंबईजवळच्या डोंगरांतील कारवी सुमारे आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली आणि नंतर २०२४ साली ती फुलली. एकदा फुलून बी धरले, की झाड मरते, आणि पावसात त्या बियांतून नवी पिढी उगवते. आज वाटेच्या कडेला दिसणारे कारवीचे एखादे कोवळे रोप २०३२ च्या सुमारास प्रथमच फुलायचे आहे. बूट स्वच्छ राहावेत म्हणून आपण त्यावर पाय ठेवला, तर आठ वर्षांची ती वाट पाहणे एका क्षणात फुकट जाते.

तेव्हा मित्रांनो, वनखात्याची परवानगी असेल त्याच वाटेने जा, मोठ्यांबरोबर जा आणि चिखल आला तर खुशाल मधूनच जा. आणि तुमच्या टेकडीवर नवी वाट होणार असे कानावर आले, तर शिक्षकांच्या मदतीने संबंधितांना पत्र लिहा. पत्रात दोन डब्यांच्या प्रयोगाचे आकडे जरूर द्या. बूट काय, घरी येऊन धुता येतात. वाहून गेलेली माती परत आणता येत नाही.