घरी जाण्यापूर्वीचे धडे

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला पुनर्वसन रुग्णालयात दाखल केले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे चालू कधी लागतील?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर पुष्कळदा लगेच मिळत नाही. आपल्या हाती असते ते एवढेच, की घरी लागणारी शुश्रूषा तिथल्या मुक्कामातच स्वतःच्या हातांनी शिकून घ्यावी.

पहिला धडा त्वचेचा. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी हे रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा नियम घातला. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दबलेला भाग सूचना देतो. या रुग्णांच्या बाबतीत ती सूचना मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. ती उणीव आपण भरून काढायची असते.

माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा सकाळ-संध्याकाळ तपासाव्यात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही; म्हणून काळपटपणा, ऊब आणि कडकपणा हात लावून पाहावा. डाग दिसल्यास तेथे तेल चोळू नये; डाग निवळेपर्यंत त्या भागावर भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. संवेदना गेलेल्या भागाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. भाजले तरी रुग्णाला कळत नाही.

दुसरा धडा मूत्राशयाचा. ठरावीक वेळी कॅथेटरने लघवी काढण्याची कृती परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवावी. रुग्णाचे हात चालत असतील, तर ती त्यालाच शिकू द्यावी. त्यात त्याचा स्वाभिमान राहतो.

तिसरा धडा संकटाचा. इजा छातीच्या मध्यभागी किंवा त्याहून वर असेल, तर रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागणे, चेहरा लाल होणे, घाम फुटणे ही रक्तदाब धोकादायक वाढल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आपण सवयीने माणसाला आडवे करतो. येथे तसे करू नये. त्याला ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत. कॅथेटरची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का, हे पाहावे. लगेच आराम न पडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

शेवटी, हे धडे घरातील किमान दोघांनी गिरवावेत. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात आणि रुग्णाला एकट्याने उचलू नये. शुश्रूषा करणाऱ्या वृद्ध पत्नीची किंवा आईची कंबर धरली, तर अंथरुणे दोन होतात.