गदा एकालाच मिळते

७ जानेवारी २०२०. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती संपली. नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेवर तीन विरुद्ध दोन अशी मात केली. दोघेही एकाच गुरूचे, अर्जुनवीर काका पवारांचे चेले. एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. निकाल लागल्यावर विजेता शड्डू ठोकत मैदानाला फेरी मारतो, हे आपण नेहमी पाहतो. त्या दिवशी वेगळेच घडले. हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतले. लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गदेच्या छायाचित्राइतकेच हेही छायाचित्र गाजले.

खिलाडूपणाचे उदाहरण म्हणून आपण त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण त्या छायाचित्रात आणखी एक गोष्ट दडली आहे. खाली उभा असलेला आणि वर बसलेला, या दोघांमधले अंतर फक्त एका गुणाचे होते. मेहनत तीच, खुराक तोच, पहाटे चारचे उठणे तेच. तरी एकाच्या नावापुढे आयुष्यभरासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ लागते आणि दुसऱ्याला स्वतःची ओळख प्रत्येक वेळी नव्याने करून द्यावी लागते. लढण्यालाच ज्याने आपला व्यवसाय केले, त्याच्या आयुष्याचा सगळा पेच या एका गुणात आहे.

नाशिककरांना त्या विजयाचे अप्रूप अंमळ अधिकच होते. १९६१ मध्ये सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हापासून ही मानाची गदा बहुतांशी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यात फिरत राहिली. नाशिकच्या वाट्याला ती आली २०२० मध्ये, प्रथमच. हर्षवर्धन मूळचा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याचा. पण त्याच्या कुस्तीचा पाया घातला गेला तो भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव म्हणून आपण भगूर ओळखतो. तिथल्या तालमीत एक महाराष्ट्र केसरी घडत होता, हे शहरातल्या किती जणांना ठाऊक होते?

खरे तर शक्तीची उपासना या भूमीला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली बाळंभटदादा देवधरांची आख्यायिका जुन्या लोकांना आठवत असेल. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या दोन मल्लांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले आणि सरळ वणीचा सप्तशृंग गड गाठला. देवीच्या कृपेने तिथे प्रत्यक्ष मारुतीने त्यांना लाकडी खांबावर पकडी शिकवल्या, अशी श्रद्धा आहे. बाळंभटांनी अलीला हरवले, गुलाबाने माघार घेतली, आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवन झाले. आख्यायिकेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बाळंभटांच्या पाठीशी राजाश्रय होता. कुस्ती संपल्यावर ‘आता खायचे काय’ हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आजच्या मुलाला तो पडतो. आणि आज त्याच्यासमोर नुसता लाल मातीचा हौदा नाही. मोबाइलच्या पडद्यावर त्याला जाळीचा अष्टकोनी पिंजरा दिसतो. त्यात दोन माणसे ठोसे, लाथा, पकडी, गळफास, सगळे काही वापरून लढतात. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असे त्याचे नाव. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा पुष्कळांनी त्याला रानटीपणा म्हटले. पुढे नियम आले, वजनगट आले, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या, आणि पाहता पाहता हा कोट्यवधी डॉलरचा व्यवसाय झाला. आपल्याकडे २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली, तेव्हा त्याचे वारे पहिल्यांदा जोरात वाहिले.

या पिंजऱ्यात कुस्तीगिराला मोठा मान आहे. उभ्या उभ्या मारामारी करणारा कितीही तरबेज असो, त्याला जमिनीवर आणून दाबून ठेवणारा भेटला की त्याचे निम्मे बळ संपते. आपल्या तालमीत पट काढायला शिकलेल्या पोराला हे लगेच उमगते. हरियाणाची रितू फोगाट २०१९ मध्ये कुस्तीची गादी सोडून या खेळात गेली. त्याआधी, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, मुंबईचा भरत खंडारे शांघायच्या स्पर्धेत उतरला. भारताचा नागरिक असलेला अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपमधला तो पहिला लढवय्या. त्याच्यासमोर चीनचा सॉन्ग यादोंग होता. पहिल्याच फेरीत सॉन्गने त्याच्या गळ्याला पकड घातली आणि लढत संपली. त्या स्पर्धेत भारतीयाने विजय मिळवायला २०२४ चा जून उजाडावा लागला. तो मिळवला उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने.

भरतच्या त्या लढतीचे वृत्त आपल्याकडे कोपऱ्यात छापून आले. पण जरा विचार करावा. एका मराठी मुलाने वर्षानुवर्षे अंग झिजवले, परदेशी पिंजऱ्याचे दार गाठले आणि ते दार पाच मिनिटांच्या आत मिटले. या व्यवसायाचे गणितच असे आहे. सुरुवातीच्या करारांत लढायला उतरल्याचे ठरावीक पैसे मिळतात, आणि जिंकल्यास बहुधा तेवढेच आणखी. म्हणजे हरणाऱ्याच्या हाती निम्मे. त्यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव, आहार यांचा खर्च वजा. वर्षाला दोन-तीन लढती मिळाल्या तर नशीब. लढतीपूर्वी वजनगटात बसण्यासाठी अंगातले पाणी आटवायचे, काट्यावर उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी मार खायला सिद्ध व्हायचे. गुडघा दुखावला की वर्ष गेले. डोक्याला बसलेल्या माराचा हिशेब तर कित्येक वर्षांनी लागतो.

कुणी म्हणेल, हा परदेशी खेळ, पैशांचा बाजार. आपल्या कुस्तीशी त्याची तुलना कशाला? ती एवढ्यासाठी, की आपले गणितही फारसे निराळे नाही. सुगी आटोपली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. हलगी कडाडते, फड भरतो, नारळापासून लाखापर्यंतच्या कुस्त्या लागतात. पैलवान आज या गावात, परवा त्या गावात. इनामावर त्याचा महिना चालतो. बदाम, तूप, दूध, मटण यांचा खुराक शेतकरी बाप कधी म्हैस विकून, कधी उसनवारी करून पुरवतो. मैदानात खांदा निखळला तर जत्रा कमिटी हळहळते, कुणी रिक्षा बोलावते, आणि पुढची जोड लागते. पिंजऱ्यात निदान लढतीआधी डॉक्टर तपासतो आणि जखम वाढली तर लढत थांबवतो. आपल्या कित्येक मैदानांत अजून एवढेही नाही.

या बाबतीत आपला इतिहास सांगतो तो फारसा अभिमानाचा नाही. खाशाबा जाधवांचे उदाहरण घरोघरी सांगितले जाते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथवर पोहोचवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्या मिरवणुकीनंतर? खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून ते लागले, पुढे सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, सोळा-सतरा वर्षांनी. मिरवणूक काढायला आपल्याला एक दिवस लागला. आठवण ठेवायला जवळजवळ अर्धे शतक.

तेव्हापासून काहीच सुधारले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली आणि शासनाने त्याला पोलीस उपअधीक्षक केले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा बीड जिल्ह्यातला राहुल आवारेही पोलीस अधिकारी झाला. जानेवारी २०२३ मध्ये शासनाने कुस्तीगिरांचे मानधन वाढवण्याची घोषणा केली. वयोवृद्ध मल्लांचे अडीच हजार साडेसात हजारांवर नेण्याचे ठरले. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत नोकरीला होता, आणि त्याच्या जडणघडणीतली महत्त्वाची वर्षे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेली, हेही आपण विसरू नये. वसतिगृह, शाळा, सराव आणि पाठोपाठ नोकरी, एवढी साखळी जुळली तर काय होते, याचे ते पदक हे उत्तर आहे. खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली, त्याचे कारणही या साखळीच्या अभावात शोधायला हवे.

पण या सगळ्या कथा जिंकणाऱ्यांच्या आहेत. वर्षाकाठी गदा एखादीच. ज्याला ती मिळत नाही, तो तिशी ओलांडली की गावाकडे परततो. कान चुरगळलेले, गुडघा कुरकुरणारा, शिक्षण दहावीवर थांबलेले. शरीराला सवय भरपूर खाण्याची आणि खिसा रिकामा. अशा माणसाच्या अंगातले बळ मग कुणाच्या कामी येते, हे उघड गुपित आहे. जमिनीच्या व्यवहारात, निवडणुकीच्या दिवसांत, एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीमागे त्याला जागा मिळते. आपणच नंतर नाक मुरडतो की पैलवानकी बिघडली. ती बिघडू नये म्हणून आपण काय केले, हे मात्र विचारत नाही.

तालमीत जाणाऱ्या मुलाच्या आईचा प्रश्न एकच असतो, ‘पुढे काय?’ वस्तादांना तो भित्रेपणाचा वाटतो, बापाला अपशकुनाचा. आमच्या मते सगळ्या व्यवहारात शहाणपणाचा तेवढाच एक प्रश्न असतो. त्याचे उत्तर द्यायला मोठ्या योजना लागत नाहीत. मैदान भरवायची परवानगी देताना डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांची अट घालता येईल. लाखाच्या इनामातून काही हजार बाजूला काढून त्या दिवशी उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा उतरवता येईल. इनाम थोडे घटले म्हणून कुणी मैदान सोडून जाणार नाही. तालमीत प्रवेश देताना शाळेचा दाखला मागता येईल, आणि बारावी होईपर्यंत शाळा सुटू द्यायची नाही, हा दंडक वस्तादांनीच घालावा. त्यांचा शब्द मुले आईबापांपेक्षा अधिक मानतात. महापालिकेच्या नि जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना व्यायाम शिकवायला माणसे हवीच असतात. निवृत्त पैलवानाला थोडे प्रशिक्षण देऊन तिथे का उभे करू नये? आणि ज्याला पिंजऱ्याचीच ओढ आहे, त्याला घरातून हाकलण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून करारातला प्रत्येक कलम वाचावा. हरल्यावर किती, जखमी झाल्यावर किती आणि खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारावेत.

घराचेही एक काम आहे. खुराकावर झालेला खर्च मुलाच्या डोक्यावर कर्जासारखा ठेवू नये. ‘तुझ्यासाठी म्हैस विकली’ हे वाक्य हरून आलेल्या मुलाला ऐकवणारा बाप त्याला पुन्हा एकदा चितपट करत असतो. खेळ सोडायचा असेल तर मान खाली न घालता सोडता आला पाहिजे. तालमीने त्याला शिस्त दिली, पहाट दिली, पडून पुन्हा उठायची सवय दिली. ही मिळकत कोणत्याही इनामापेक्षा टिकाऊ आहे, मात्र तिला रोजगाराची जोड हवी.

बालेवाडीच्या त्या संध्याकाळी हर्षवर्धनने आपल्या जोडीदाराला खांद्यावर घेतले, ते काही क्षणांपुरते. खेळाडूने एवढेच करायचे असते. त्याने ते केले. त्यानंतर हरलेल्याचा भार उचलायचा, तो आपण, म्हणजे गावाने, जत्रा कमिटीने, शाळेने, शासनाने. टाळ्या वाजवताना आपले हात मोकळे होते. आता खांदा द्यायचा आहे.