पहिलं भाड्याचं घर : स्वस्त कशाला म्हणायचं?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एखादा नवा तरुण चेहरा दिसला, की आपण आधी विचारतो, "नोकरी कुठे?" लगेच दुसरा प्रश्न, "राहायला कुठे?" आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यायच्या आत सल्लाही देऊन टाकतो. "एडिसनला ये. ओक ट्री रोड जवळ आहे, सगळं मिळतं, आपली माणसं आहेत, भाडंही कमी." मीही गेली कित्येक वर्षं हाच सल्ला देत आले. आता मात्र तो सरसकट देऊ नये, असं माझं मत झालं आहे. मत का बदललं ते आधी सांगते.

माझी भाची टेक्सासात एम.एस. करून २०२३ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली. सांगलीहून बहिणीचा फोन आला, "तुझ्या भरवशावर आहे हो पोर." मग काय, मी कंबरच कसली. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आणखी दोन मुलींबरोबर तिला खोली मिळवून दिली. भाडं १,००० डॉलर. जर्सी सिटीत तशाच खोलीला १,६०० मागत होते. महिन्याला ६०० डॉलर वाचवून दिले, म्हणून मी स्वतःवरच खूश!

तिचा दिवस कसा जायचा ते मला नंतर कळलं. पहाटे उठून मोटारीने मेट्रोपार्क स्टेशन, तिथे पार्किंग, मग पाऊण तास रेल्वे आणि पेन स्टेशनवरून पुढे सबवे. दारापासून दारापर्यंत दीड तास, तोही रेल्वे वेळेवर असली तर. ती वेळेवर नसली की काय होतं, हे रोज त्या मार्गाने जाणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको. रात्री आठ-सव्वाआठला घरी. जेवण म्हणजे फ्रीझरमधला पराठा, नाहीतर मॅगी. शनिवार झोपेत जायचा आणि रविवार कपडे धुण्यात. ऑफिसातल्या मुली संध्याकाळी कुठे कुठे जायच्या, ही मात्र घड्याळाकडे बघत स्टेशन गाठायची. मला त्याचं कौतुकच वाटायचं. मुलगी कशी सरळ घरी येते!

फेब्रुवारीतल्या एका रात्री स्टेशनवरून परत येताना तिचा डोळा लागला आणि मोटार एका घरापुढच्या टपालपेटीवर जाऊन आदळली. पेटीवर निभावलं. त्या वेळी तिथून कोणी चालत जात नव्हतं, हे आमचं नशीब. त्यानंतर डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, तर ए-वन-सी ५.९. ही चाचणी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आली, तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं धरतात. वय अवघं २६! नुसत्या प्रवासाने साखर वाढते असं मी म्हणत नाही, आमच्या घराण्यात मधुमेह आहेच. पण जिच्या घरात तो आहे, तिने तर चाललं पाहिजे, वेळेवर जेवलं पाहिजे, झोपलं पाहिजे. तिच्या दिवसात मी या तिन्हींना जागाच ठेवली नव्हती.

लीज संपत आलं तेव्हा ती भीत भीत म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. मी जर्नल स्क्वेअरला खोली बघितली आहे." मी रागावलेच. दोन दिवस धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

एडिसनला भाडं १,००० डॉलर. त्यावर मोटारीचा हप्ता, विमा, गॅस, स्टेशनवरचं पार्किंग आणि रेल्वेचा मासिक पास मिळून ९५०. एकूण १,९५०. जर्नल स्क्वेअरला भाडं १,६००, मोटार विकून टाकायची, पाथचा पास आणि अधूनमधून टॅक्सी मिळून १५०. एकूण १,७५०. म्हणजे मी "वाचवून दिलेले" ६०० डॉलर कुठेच नव्हते, उलट महिन्याला २०० जास्त जात होते. आणि वेळ? नव्या घरून ऑफिस ४० मिनिटं. जाताना ५० मिनिटं वाचली, येताना ५०. आठवड्याला चार दिवस ऑफिस आणि वर्षाला ४६ आठवडे धरले, तर तीनशेहून जास्त तास होतात. ४० तासांचा आठवडा धरला, तर साडेसात आठवड्यांचं काम! एवढं काम मी तिच्याकडून फुकट करून घेत होते.

म्हणून माझं पहिलं मत असं, की घराचं भाडं कधीच एकटं बघू नये. भाडं, प्रवास आणि मोटार हे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहावेत आणि शेजारी रोजचे तास लिहावेत. हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा येईल. ज्याची नोकरी पिस्कॅटवेला किंवा प्रिन्स्टनला आहे, त्याला मोटार लागणारच. त्याने एडिसनलाच राहावं, जर्सी सिटीत राहणं त्याला वेडेपणाचं ठरेल. मुद्दा गावाचा नाही, नोकरी कुठे आहे याचा आहे.

काही मुलं थेट न्यूयॉर्क शहरातच राहायचं म्हणतात. हौस म्हणून ठीक आहे, पण तिथे राहणाऱ्याला शहराचा वेगळा आयकर भरावा लागतो. एक लाख डॉलर पगाराच्या अविवाहित माणसाला तो वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास पडतो. न्यू जर्सीत राहून तिकडे नोकरी केली, तर न्यूयॉर्क राज्याचा कर द्यावा लागतो आणि त्याचं श्रेय न्यू जर्सीच्या करात मिळतं, पण शहराचा कर लागत नाही. शिवाय तिकडचे बरेच घरमालक वार्षिक पगार भाड्याच्या ४० पट असावा असा आग्रह धरतात. म्हणजे लाखाच्या पगारावर २,५०० च्या वरचं घर मिळणं कठीण. दलालाची एक बाब मात्र सुधारली आहे. जून २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात घरमालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे भाडेकरूच्या माथी मारता येत नाहीत. डिपॉझिट न्यूयॉर्कमध्ये एका महिन्याच्या आणि न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. कोणी जास्त मागितलं, तर तिथेच शहाणं व्हावं.

दुसरं मत लीजबद्दल. नव्या गावात पहिलंच लीज दीड-दोन वर्षांचं करू नये, महिन्याला ५० डॉलर वाचत असले तरी. आपल्या मुलांच्या बाबतीत तर याला आणखी एक कारण आहे. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली, तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत दुसरी नोकरी कदाचित सिअ‍ॅटलला मिळेल, मग इथल्या लीजचं काय? मुदतीआधी घर सोडायचं तर काय द्यावं लागेल आणि दुसऱ्याला भाड्याने देता येईल का, हे सही करण्याआधी वाचावं. मित्रांबरोबर एकत्र सही केली असेल, तर बहुतेक लीजमध्ये पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. एकजण निघून गेला, तर त्याचा वाटा उरलेल्यांच्या गळ्यात येतो. मैत्री आपल्या जागी, सही आपल्या जागी. घर बदलल्यावर १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा, हेही पुष्कळजण विसरतात. आणि "घरूनच काम करायचं आहे, मग स्वस्त राज्यात जाऊन राहतो" असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी कंपनीच्या वकिलाला विचारावं. एच-वन-बीच्या अर्जात कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. दुसऱ्या महानगराच्या हद्दीत जाऊन काम करायचं, तर अर्ज बदलावा लागतो.

तिसरं मत बेसमेंटबद्दल. स्वस्त मिळतं म्हणून तळघरात राहणारी आपली मुलं मी पाहिली आहेत. १ सप्टेंबर २०२१ ला इडा वादळाचा पाऊस आला, तेव्हा न्यूयॉर्क शहरात जी माणसं दगावली त्यातली बहुतेक तळघरांतल्या घरांत होती. बाहेर पडायला दुसरा रस्ता नसेल, तर भाडं कितीही कमी असो, ती खोली घेऊ नये. भाडेकरूचा विमा जरूर उतरवावा. महिन्याला १५-२० डॉलरांचं काम, पण पुराचं नुकसान त्यात सहसा धरत नाहीत, हे लक्षात असू द्यावं.

आता तब्येतीचं बोलते. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम करावा, असं डॉक्टर सांगतात. भाची आता घर ते पाथ आणि पाथ ते ऑफिस अशी दिवसाला ३५ मिनिटं चालते. चार दिवसांचे १४० झाले, जिममध्ये पाऊल न टाकता! आपल्याकडच्या लोकांना वजन फार नसतानाही मधुमेह गाठतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ सालीच आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बी.एम.आय.ची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. तेव्हा घर बघताना जिना, फुटपाथ, भाजीचं दुकान आणि बाग चालत जाण्याजोगी आहेत का ते बघावं. इमारतीतल्या जिमपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. आणि सामान लावून झालं, की पहिल्या महिन्यातच आपल्या विम्याच्या यादीतला जवळचा डॉक्टर शोधून ठेवावा. आजारी पडल्यावर शोधायला बसू नये.

एकटेपणाचं काय? आम्ही मोठी माणसं म्हणतो, "म्हणून तर आपल्या माणसांत राहा." मीही तेच म्हणत होते. देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं जाहीर पत्रकच काढलं. पण माझी भाची एकटी पडली ती आपल्या माणसांत राहूनच. आपण सगळे संसारातले, मुलांच्या शाळांत नि क्लासेसमध्ये गुंतलेले. तिच्या वयाचं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. ओक ट्री रोडवर सगळी पिठं मिळतात, मैत्रिणी मिळत नाहीत.

आमच्या काळी आम्ही कसं राहिलो, हे सांगायचा मोह मलाही होतो. १९८४ साली क्वीन्समध्ये एका बेडरूमच्या घरात आम्ही चौघं होतो. पण तेव्हा आम्ही पैसे वाचवले ते वेळ वाया घालवून नव्हे. ऑफिसला जायची सबवे कोपऱ्यावरच होती! नेमकी ती गोष्ट विसरून आपण "काटकसर करा" एवढंच सांगत राहतो. काटकसर हवीच. कंपनी ४०१-केमध्ये जेवढी भर घालते तेवढी पुरती घ्यावी, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, आणि भाडं त्या दोन गोष्टी करून उरलेल्या पैशात बसवावं. पण झोप, जेवण आणि पाय यांतून काटकसर करायला सांगू नये.

भाची आता दर पंधरा दिवसांनी रविवारी येते. मेट्रोपार्कला मी आणायला जाते. जाताना आमटी-भाजीचे डबे नेते, पुढच्या वेळी रिकामे परत आणते. सहा महिन्यांनी ए-वन-सी ५.६ वर आलं. बहिणीला मी अजून टपालपेटीची गोष्ट सांगितलेली नाही. हा अंक सांगलीला जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

तेव्हा माझ्या पिढीच्या वाचकांना एकच विनंती. पुढच्या कार्यक्रमात नवा चेहरा दिसला, की "राहायला कुठे?" याच्या आधी "ऑफिस कुठे?" हे नीट विचारा. आणि सल्ल्याऐवजी रविवारचं जेवण द्या. तरुण वाचकांपैकी कोणाचा हिशेब माझ्याहून वेगळा येत असेल, तर त्यांनी जरूर लिहून पाठवावं. पुढच्या अंकात तोही छापू.