पाच रुपयांचा परवाना

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला पबात दारू मिळालीच कशी, असे सारे राज्य विचारत होते. शिरूर-दौंडकरांना त्यात नवल वाटायचे कारण नव्हते. इथे पब नाहीत, पण नगर रोडला आणि सोलापूर रोडला ढाबे आहेत. शेवभाजीबरोबर स्टीलच्या ग्लासात क्वार्टर ओतून देणाऱ्या ढाब्याकडे परवानाच नसतो. तो गिऱ्हाइकाचे वय काय विचारणार?

परवानाधारक दुकानाची तऱ्हा वेगळी. 1949 चा आपला कायदा नावापासूनच दारूबंदीचा. म्हणजे बंदी कायम, प्यायची तर परवाना काढा. सौम्य बिअरला 21 आणि विदेशी दारूला 25 वर्षे पूर्ण हवीत. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, पाच रुपयांत. वय तपासण्याची खरी जागा तीच. पण या परवान्यांचे पुस्तक गल्ल्याखाली पडलेले असते आणि नोकर सवडीने सुचतील ती नावे त्यात भरतो, हे एक्साइजवाल्यांना ठाऊक नाही असे थोडेच आहे?

आमच्या मते या सोंगाचे मूळ त्या पंचविशीत आहे. एकविसाव्या वर्षी गावचा सरपंच होता येते, पण क्वार्टर विकत घेता येत नाही! रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारी कितीतरी पोरे विशी-बाविशीची. पगाराच्या संध्याकाळी त्यांना परत पाठवले तर गल्ला बसतो, म्हणून दुकानदार कोणालाच वय विचारत नाही. मग त्याच गर्दीत अकरावीतले पोरही खपून जाते.

सरकारने हवे तर सरसकट 21 करावे, पण अठराच्या आतल्यांबाबत हयगय नको. बालन्याय कायद्याचे कलम 77 मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगते. देणारा दुकानदार असो, ढाब्यावरचा वेटर असो की वाढदिवसाला बाटली आणणारा थोरला भाऊ. पुण्यात पोर्शे प्रकरणात ते लावले गेले. ढाब्यावर छापा पडला की पंचनाम्यात बाटल्या मोजल्या जातात, किंमत लिहिली जाते. टेबलावर बसलेल्यांची वयेही त्यात लिहायला लावावीत.